अध्यक्ष वुड्रो विल्सन : तटस्थता आणि युद्ध

इतिहासाच्या तासाला पहिल्या महायुद्धाचा पाठ निघाला की एक प्रश्न आम्हांस बहुधा दरवर्षी ऐकावयास मिळतो. युरोपात युद्ध पेटले १९१४ साली. मग अमेरिका त्यात १९१७ साली का उतरली, आणि मधली पावणेतीन वर्षे ती स्वस्थ का राहिली? प्रश्न विचारणाऱ्या मुलास वाटते की, याचे उत्तर एका ओळीत मिळेल. परीक्षेपुरते ते मिळतेही. परंतु ज्याला खरे उत्तर हवे असेल त्याने, त्या काळी त्या राष्ट्राचे सुकाणू ज्यांच्या हाती होते, त्या वुड्रो विल्सन यांचे चरित्र वाचले पाहिजे. युद्धाचा मनापासून तिटकारा असलेल्या एका धर्मनिष्ठ पुरुषाने आपल्या राष्ट्रास युद्धापासून दूर ठेवण्याची शिकस्त केली, आणि अखेरीस स्वतःच्याच तोंडाने युद्धाची मागणी केली, अशी ती हकीकत आहे. तीत अनुकरण करण्यासारखे पुष्कळ आहे, तसे सावध होण्यासारखेही आहे. या दोहोंची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक खुलासा करणे जरूर आहे. विल्सन हे नाव ऐकताच आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना मुंबईच्या गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन कॉलेजाची आठवण होईल. त्या कॉलेजास ज्यांचे नाव दिले आहे ते डॉक्टर जॉन विल्सन हे स्कॉटलंडचे मिशनरी होते, व मुंबई हीच त्यांची कर्मभूमी होती. आमचे चरित्रनायक त्यांहून निराळे. मात्र प्रेस्बिटेरियन मंडळीची शिस्त, पवित्र शास्त्राचे नित्य वाचन आणि कर्तव्याविषयीची कठोर निष्ठा या गोष्टी दोघांच्याही आयुष्याच्या पायाशी होत्या.

थॉमस वुड्रो विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात स्टॉन्टन या गावी झाला. त्यांचे वडील जोसेफ रगल्स विल्सन हे मंडळीचे पाळक होते. आई जेसी ही इंग्लंडात जन्मलेली व तीही पाळकाचीच कन्या होती. मूल दोन वर्षांचे होण्यापूर्वीच हे कुटुंब जॉर्जिया संस्थानात ऑगस्टा येथे राहावयास गेले. लवकरच गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर व दक्षिण या दोन भागांत यादवी युद्ध जुंपले, आणि ते १८६१ पासून १८६५ पर्यंत चालले. लिंकन निवडून आले, आता युद्ध होणार, असे कोणीसे फाटकाशी बोलताना आपण ऐकले, ही आपली सर्वांत जुनी आठवण आहे, असे विल्सन पुढे सांगत असत. त्या वेळी ते पुरते चार वर्षांचेही नव्हते. वडिलांचे उपासनामंदिर जखमी शिपायांचे इस्पितळ बनले, आणि त्याच्या आवारात शत्रूकडील कैदी ठेवण्यात आले. जेथे रविवारी स्तोत्रे गायिली जात तेथे कण्हणे ऐकू येऊ लागले. पराभूत प्रांताची दैना, जळलेली घरे आणि पोरकी कुटुंबे हे सर्व त्या मुलाने पाहिले. अमेरिकेच्या अध्यक्षांपैकी फारच थोड्यांनी युद्धाचे हे स्वरूप इतक्या कोवळ्या वयात पाहिले असेल. त्यांचे वडील गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्यांपैकी होते, हेही येथेच सांगितले पाहिजे. कारण त्या संस्काराची छाया मुलावर कायम राहिली.

अभ्यासात हा मुलगा प्रथम मागे होता. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारापर्यंत त्यास नीट वाचताही येत नसे. जी मुले उशिरा वाचावयास लागतात त्यांच्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे. वडिलांनी धीर सोडला नाही. त्यांनी मुलास बोलावयास शिकविले, विचार नेमक्या शब्दांत मांडावयास शिकविले, आणि एकदा लिहिलेले पुन्हा तपासावयास लाविले. पुढे प्रिन्स्टन येथील कॉलेजातून विल्सन १८७९ साली पदवीधर झाले. मग कायद्याचा अभ्यास करून अटलांटा येथे त्यांनी वकिली मांडिली, पण ती चालली नाही व त्यांचे मनही तीत रमले नाही. तेव्हा बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला, आणि १८८६ साली डॉक्टर ही पदवी संपादन केली. १८८५ साली एलेन ॲक्सन या पाळककन्येशी त्यांचा विवाह झाला व त्यांस तीन मुली झाल्या. १८९० पासून ते प्रिन्स्टन येथे अध्यापक होते, आणि १९०२ साली त्याच विद्यापीठाचे ते अध्यक्ष झाले. १९१० साली न्यू जर्सी संस्थानाचे गव्हर्नर म्हणून त्यांची निवड झाली, आणि ४ मार्च १९१३ रोजी त्यांनी संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. उण्यापुऱ्या अडीच वर्षांत शाळामास्तर राष्ट्राच्या सर्वोच्च आसनावर चढला, हे पाहून आमच्यासारख्या शिक्षकांस थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा.

आरंभीच्या वर्षात त्यांनी पेढ्यांची व्यवस्था सुधारण्याचा व जकात कमी करण्याचा कायदा केला. हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु त्याच वर्षी टपाल व खजिना खात्यांच्या कचेऱ्यांत काळ्या नोकरांना गोऱ्यांपासून वेगळे बसविण्याची प्रथा त्यांच्या मंत्र्यांनी सुरू केली, आणि विल्सन यांनी ती चालू दिली. काळ्या समाजाचे पुढारी त्यांस भेटावयास गेले तेव्हा त्यांनी तिचे समर्थनच केले. आपल्या देशात पाणवठ्यावर व देवळाच्या पायरीवर ज्यांनी अशी वेगळी रांग पाहिली आहे, त्यांस या गोष्टीची बोच निराळी सांगावयास नको.

आता मुख्य विषयाकडे वळू. युरोपच्या भानगडीत पडावयाचे नाही हे अमेरिकेचे फार जुने धोरण होते. पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७९६ साली पदत्याग करताना परक्या राष्ट्रांशी कायमचे राजकीय बंध न जोडण्याचा उपदेश केला होता. १८२३ साली अध्यक्ष मन्रो यांनी, युरोपने अमेरिका खंडात हात घालू नये व अमेरिकाही युरोपच्या युद्धात पडणार नाही, असे जाहीर केले. दोन बाजूंस दोन महासागर, आणि शेजारी बलाढ्य शत्रू नाही. अशा घरात राहणाऱ्यास दाराची कडी लावून स्वस्थ बसता येते. शिवाय आणखी एक कारण होते. १९१० च्या शिरगणतीत त्या देशाची लोकसंख्या सुमारे ९ कोटी २० लक्ष भरली. तीतील सुमारे एक तृतीयांश लोक परदेशात जन्मलेले किंवा ज्यांच्या आईबापांपैकी कोणी तरी परदेशात जन्मलेले, असे होते. कोणाचे आजोळ जर्मनीत, कोणाचे इंग्लंडात, आणि आयर्लंडहून आलेल्यांच्या मनात इंग्लंडाविषयी जुना राग. युरोपातील भांडण घरात घेतले तर घरच दुभंगेल, अशी विल्सन यांस रास्त भीती वाटत होती.

१९१४ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत काळा आठवडा ठरला. ४ ऑगस्ट रोजी इंग्लंड युद्धात उतरले, त्याच दिवशी विल्सन यांनी तटस्थतेचा जाहीरनामा काढिला, आणि ६ ऑगस्ट रोजी त्यांची पत्नी एलेन हिने देह ठेविला. पत्नीच्या उशाशी बसून त्यांनी युरोपातील राष्ट्रांस मध्यस्थीचा देकार लिहून पाठविला होता. तो कोणी स्वीकारला नाही. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या देशबांधवांस विनविले की, केवळ कृतीने नव्हे तर विचारानेही तटस्थ राहा. माणसाच्या मनाकडून ही फार मोठी अपेक्षा होती, आणि खुद्द त्यांचे मनही इंग्लंडच्या वाङ्मयावर व राज्यपद्धतीवर पोसलेले होते.

येथे आपल्या वाचकांनी एका गोष्टीची तुलना करून पाहावी. अमेरिकेस विचार करावयास अवधी होता. हिंदुस्थानास तो नव्हता. इंग्लंडच्या एका घोषणेने आपला देश त्याच दिवशी युद्धात ओढला गेला, व त्यास कोणी विचारलेही नाही. मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी जी पुणे डिव्हिजन शरण गेली, तीत मराठा पलटणींतील शिपाई होते. विल्सन वॉशिंग्टनमध्ये खलित्यांचे मसुदे लिहीत होते त्या दिवसांत आपल्याकडील खेड्यांतल्या आया टपालवाल्याची वाट पाहत होत्या. युद्धात पडावे की पडू नये हे ठरविण्याची संधी मिळणे हीच केवढी मोठी गोष्ट आहे, हे यावरून ध्यानात यावे.

तटस्थ राहणे म्हणजे काही न करणे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. तटस्थ राष्ट्रास दररोज काही तरी ठरवावे लागते. इंग्लंडच्या आरमाराने जर्मनीची समुद्रवाट रोखली, तटस्थांची जहाजे अडविली आणि धान्यही जाऊ दिले नाही. विल्सन यांच्या सरकारने निषेध नोंदविला, परंतु तो ताणून धरिला नाही. लढणाऱ्या राष्ट्रांस कर्ज देणे तटस्थतेशी विसंगत आहे, असे १९१४ साली त्याच सरकारचे मत होते. १९१५ साली ते सोडून देण्यात आले. परिणाम असा झाला की, १९१७ च्या एप्रिलपर्यंत अमेरिकन पेढ्यांनी इंग्लंड, फ्रान्स वगैरे दोस्त राष्ट्रांस दोन अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज दिले, आणि जर्मनीस दिलेले कर्ज त्याच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. अमेरिकेचे कारखाने दोस्तांच्या मागणीवर रात्रंदिवस चालत होते. तराजू हातात सरळ धरला होता, पण एका पारड्यात रोज थोडे थोडे वजन पडत होते. केवळ सावकारांनी अमेरिकेस युद्धात ओढले असे म्हणणे आम्हांस बरोबर वाटत नाही. तथापि या वजनाकडे डोळेझाक करून इतिहास सांगणेही प्रामाणिकपणाचे नव्हे.

उलट बाजूने जर्मनीने पाणबुडी हे शस्त्र उपसले. समुद्रावरील युद्धाचा जुना नियम असा होता की, व्यापारी जहाज आधी थांबवावे, त्याची झडती घ्यावी, आणि ते बुडवावयाचेच असेल तर त्यावरील माणसांस प्रथम सुरक्षित जागी पोचवावे. पाणबुडीस हे जमण्यासारखे नव्हते. ती पाण्यावर आली की लहानशा तोफेनेही फुटत असे, आणि तिच्या पोटात परक्या माणसांस घ्यावयास जागा नसे. म्हणून ती न सांगता, न दिसता घाव घाली. ४ फेब्रुवारी १९१५ रोजी जर्मनीने इंग्लंडभोवतालचा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि ७ मे रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ लुसिटानिया हे इंग्रजी उतारू जहाज पाणबुडीच्या एका घावाने अवघ्या अठरा मिनिटांत बुडाले. जवळजवळ १,२०० माणसे मेली. त्यांत १२८ अमेरिकन होते, आणि स्त्रिया व मुले पुष्कळ होती. जहाजावर काडतुसांच्या पेट्याही होत्या ही गोष्ट खरी आहे. पण पाळण्यातील मुलांचा त्यांशी काय संबंध होता?

सारे राष्ट्र संतापले. विल्सन यांनी मात्र तलवार उपसली नाही. त्यांनी खलिते पाठविले. ते इतके कडक होते की, परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा दिला. ब्रायन यांचे म्हणणे असे की, जर्मनीस जाब विचारावयाचा तर इंग्लंडासही तितक्याच जोराने विचारावा, आणि लढणाऱ्या राष्ट्रांच्या जहाजांवरून आपल्या लोकांस प्रवासच करू देऊ नये. ब्रायन व विल्सन दोघेही एकाच पंथाचे, दोघेही रोज प्रार्थना करणारे, दोघांनाही शांतता हवी होती. आणि तरी त्यांची वाट फुटली. एकाच शास्त्रावर श्रद्धा ठेवणारी दोन प्रामाणिक माणसे युद्धासारख्या प्रश्नावर भिन्न निर्णयास येऊ शकतात, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगू इच्छितो.

खलित्यांचा काही काळ उपयोग झाला. मार्च १९१६ मध्ये ससेक्स या फ्रेंच जहाजावर हल्ला झाल्यावर विल्सन यांनी संबंध तोडण्याची ताकीद दिली, आणि मे महिन्यात जर्मनीने पूर्वसूचनेवाचून व्यापारी जहाजे न बुडविण्याचे वचन दिले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निवडणूक होती. विल्सन यांनी देशास युद्धाबाहेर ठेविले, हाच त्यांच्या पक्षाच्या प्रचाराचा मुख्य सूर होता. पुढेही युद्ध टळेलच असे वचन विल्सन यांनी स्वतः दिले नव्हते. परंतु मत देणाऱ्या कितीतरी आयांनी व बापांनी ते तसेच समजून घेतले. निवडणूक इतकी चुरशीची झाली की, कॅलिफोर्निया संस्थानातील ४,००० हूनही कमी मतांच्या आधिक्यावर तिचा निकाल लागला. विल्सन २७७ विरुद्ध २५४ मतांनी पुन्हा अध्यक्ष झाले.

यानंतरचे चार महिने त्यांच्या खऱ्या कसोटीचे होत. २२ जानेवारी १९१७ रोजी सेनेटपुढे भाषण करून त्यांनी प्रतिपादिले की, कोणाचाही विजय वा कोणाचाही अपमान ज्यात नाही असाच तह टिकेल. जेत्याने लादलेला तह वाळूवर बांधलेल्या घरासारखा असतो, हा त्यांचा विचार पुढे अक्षरशः खरा ठरला. पण नऊच दिवसांनी, ३१ जानेवारीस, जर्मनीने कळविले की उद्यापासून तटस्थांची जहाजेही पूर्वसूचनेवाचून बुडविण्यात येतील. ३ फेब्रुवारीस विल्सन यांनी जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडिले. तरीही त्यांनी युद्ध पुकारले नाही. मग एक विलक्षण प्रकार उघडकीस आला. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोस गुप्त तार केली होती, की अमेरिका युद्धात पडल्यास तुम्ही आमच्या बाजूने उठा, म्हणजे टेक्सस, न्यू मेक्सिको व ॲरिझोना हे तुमचे गेलेले प्रांत तुम्हांस परत मिळवून देण्यास आम्ही संमती देऊ. ही तार इंग्रज हेरखात्याने पकडून उलगडली. सर्वांत बोचणारी गोष्ट ही की, शांततेच्या वाटाघाटी सुलभ व्हाव्यात म्हणून विल्सन यांच्या सरकारने जर्मनीस जो तारमार्ग वापरू दिला होता, त्याच मार्गाने ती अमेरिकेपर्यंत आली होती. १ मार्च रोजी ती वर्तमानपत्रांत छापली गेली, आणि दोन दिवसांनी झिमरमान यांनी ती आपलीच असल्याचे कबूल केले. मार्चच्या मध्यास रशियात क्रांती होऊन झारने राज्यत्याग केला, त्यामुळे दोस्तांच्या बाजूस एक जुलमी सत्ता आहे हा आक्षेपही मावळला. लागोपाठ तीन अमेरिकन जहाजे बुडाल्याची वार्ता १८ मार्च रोजी आली. २० मार्चच्या बैठकीत एकूणएक मंत्र्यांनी युद्धाचा सल्ला दिला.

२ एप्रिल १९१७ रोजी सायंकाळी विल्सन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांपुढे उभे राहिले. आपले भांडण जर्मन प्रजेशी नसून तेथील अनियंत्रित सत्तेशी आहे, आपणांस मुलूख नको व खंडणी नको, लोकसत्तेस जगात निर्भयपणे नांदता यावे एवढ्यासाठीच हे युद्ध पत्करावयाचे आहे, अशा आशयाचे ते भाषण होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी परतल्यावर, आपले भाषण म्हणजे तरुणांना दिलेला मृत्यूचा निरोप होता आणि त्याला लोकांनी टाळ्या वाजवाव्यात हे किती विचित्र, असे बोलून ते टेबलावर डोके ठेवून रडले, अशी हकीकत त्यांचे खासगी चिटणीस टमल्टी यांनी आपल्या आठवणीत नमूद केली आहे. सेनेटने ४ एप्रिल रोजी ८२ विरुद्ध ६ मतांनी, व प्रतिनिधिगृहाने ६ एप्रिलच्या पहाटे ३७३ विरुद्ध ५० मतांनी ठराव संमत केला. नाही म्हणणाऱ्या पन्नासांत जेनेट रँकिन ही त्या सभागृहात निवडून आलेली पहिली स्त्री होती. त्याच दुपारी विल्सन यांनी ठरावावर सही केली. तो दिवस उत्तम शुक्रवार होता. गेथशेमाने बागेत आपल्या शिष्यास तलवार म्यानात घालावयास सांगणाऱ्या प्रभूच्या मरणाचा तो स्मरणदिन. सही करताना त्या पाळकपुत्राच्या मनात काय आले असेल याची कल्पनाच करणे बरे.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. चाळीस लक्षांहून अधिक माणसे सैन्यात गेली, सुमारे वीस लक्ष फ्रान्सला पोचली, आणि सुमारे १,१६,००० परत आली नाहीत. त्यांतील निम्म्याहून अधिक रोगराईने, मुख्यतः इन्फ्लुएंझाने, मेली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले.

परंतु घरात जे घडले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. १९१७ व १९१८ साली असे कायदे झाले की, युद्धाविरुद्ध बोलणे हाच अपराध ठरू लागला. पुष्कळ शाळांतून जर्मन भाषा काढून टाकण्यात आली. यूजीन डेब्ज या मजूरपुढाऱ्याने जून १९१८ मध्ये ओहायो संस्थानात कँटन येथे युद्धविरोधी भाषण केले, म्हणून त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. युद्ध संपल्यावरही त्यास सोडावे अशी विनंती आली असता विल्सन यांनी ती नाकारली. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांच्यामागून आलेले अध्यक्ष हार्डिंग यांनी त्यास मुक्त केले. आमच्या मते विल्सन यांच्या चरित्रातील हा सर्वांत शोचनीय भाग होय. ज्या निर्णयास पोचावयास त्यांच्या स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीस बत्तीस महिने लागले, त्या निर्णयास इतरांच्या बुद्धीने एका दिवसात यावे अशी त्यांनी अपेक्षा केली, आणि जे आले नाहीत त्यांस तुरुंग दाखविला.

८ जानेवारी १९१८ रोजी त्यांनी तहाची चौदा तत्त्वे जाहीर केली होती. गुप्त करार नकोत, शस्त्रे कमी व्हावीत, लहानमोठ्या सर्व राष्ट्रांस सुरक्षितता देणारा राष्ट्रसंघ असावा, असे त्यांचे सार होते. लोकांच्या संमतीनेच राज्य चालावे या त्यांच्या उद्गारांनी ईजिप्तपासून कोरियापर्यंत परतंत्र राष्ट्रांत आशा उत्पन्न झाली. ती महाराष्ट्रातही पोचली. दिल्ली काँग्रेसने डिसेंबर १९१८ मध्ये शांतता परिषदेकरिता प्रतिनिधी म्हणून लोकमान्य टिळकांची निवड केली. ते त्या वेळी लंडनमध्ये होते, पण पॅरिसला जाण्याचा परवाना त्यांस मिळाला नाही. तेव्हा त्यांनी विल्सन यांस पत्र लिहून हिंदुस्थानासही स्वयंनिर्णयाचा हक्क मिळावा अशी मागणी केली. विल्सन यांच्या चिटणिसाकडून सभ्य शब्दांत पोच आली. पुढे काही झाले नाही. परिषदेत हिंदुस्थानच्या नावाने सरकारने नेमलेले गृहस्थ बसले. सर्व वंशांची समानता राष्ट्रसंघाच्या घटनेत नमूद करावी ही जपानची सूचना १७ पैकी ११ मते मिळूनही, एकमत नाही या कारणावरून, अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनीच बाजूस ठेविली. दिवा उंच धरला होता, पण त्याच्या खालीच अंधार होता.

२८ जून १९१९ रोजी व्हर्साय येथे तह झाला. विल्सन यांनी जसा नको म्हटला होता तसाच तो बहुतांशी जेत्यांचा तह झाला. राष्ट्रसंघ मात्र त्यांनी मिळविला. आता आपल्याच देशाची संमती मिळवावयाची होती. सेनेटातील लॉज प्रभृती पुढाऱ्यांची भीती अशी की, या संघामुळे काँग्रेसच्या परवानगीवाचून अमेरिकेची मुले परक्या रणांगणावर पाठवावी लागतील. काही अटी मान्य केल्या असत्या तर तडजोड होण्याजोगी होती. विल्सन यांनी ती नाकारली, आणि सप्टेंबरात ते लोकांसच कौल लावावयास निघाले. आगगाडीने बावीस दिवसांत सुमारे ८,००० मैल, आणि रोज भाषणे. कोलोरॅडोतील प्वेब्लो येथे २५ सप्टेंबर रोजी शेवटचे भाषण करून ते कोसळले; २ ऑक्टोबर रोजी अर्धांगाचा झटका येऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली. १९१५ साली ज्यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला होता त्या ईडिथ यांनी त्यांची शुश्रूषा केली, आणि त्यांच्यापर्यंत कोणते कागद जावेत हेही त्याच ठरवू लागल्या. अंथरुणावरूनही विल्सन वाकले नाहीत. सेनेटने नोव्हेंबर १९१९ मध्ये व पुन्हा १९ मार्च १९२० रोजी तह फेटाळला. शेवटच्या वेळी केवळ सात मते कमी पडली. ज्याने राष्ट्रसंघ कल्पिला त्याचेच राष्ट्र त्यात कधी शिरले नाही. १९१९ सालचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांस देण्यात आले, व ३ फेब्रुवारी १९२४ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची वडील कन्या मार्गारेट पुढे पाँडिचेरीस अरविंदाश्रमात येऊन राहिली आणि १९४४ साली तेथेच वारली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे.

अमेरिकेने पुन्हा दाराची कडी लावली. १९३५ पासून तटस्थतेचे एकामागून एक कायदे झाले. परंतु ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर बाँब पडले, आणि ते राष्ट्र दुसऱ्या महायुद्धात ओढले गेले. या वेळी विरुद्ध मत देणारी व्यक्ती एकच होती, आणि ती पुन्हा जेनेट रँकिन हीच. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा अमेरिका त्यात पहिल्या रांगेत होती. विल्सन यांचे बी त्यांच्या मागून उगवले. तथापि त्यांच्या वर्णद्वेषाचाही हिशेब झाला. २०२० साली प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या राज्यशास्त्रविषयक विद्यालयास दिलेले त्यांचे नाव काढून टाकिले.

मग त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास उत्तर काय? अमेरिका इतके दिवस बाहेर राहिली, कारण तिचा अध्यक्ष युद्ध म्हणजे काय हे लहानपणीच पाहून चुकला होता आणि त्याचे राष्ट्र अनेक रक्तांचे होते. ती आत उतरली, कारण पाणबुड्यांनी तिची माणसे मारली, गुप्त तारेने तिचा विश्वास मोडला, व्यापाराने व कर्जाने ती आधीच एका बाजूस झुकली होती, आणि तहाच्या मेजावर आपणांस जागा हवी तर रणांगणाची किंमत द्यावी लागेल असे विल्सन यांस वाटले. त्यांनी योग्य केले की अयोग्य, यावर शहाणी माणसे आजही वाद घालतात. आम्ही निकाल देत नाही. परंतु एवढे सांगतो, की त्यांनी रागाच्या भरात निर्णय केला नाही. लुसिटानिया बुडाल्यावर त्यांस भित्रे म्हणणारे पुष्कळ निघाले. ते त्यांनी सोसले. हा त्यांचा मोठेपणा होय. आणि निर्णय केल्यावर, आपल्याहून वेगळा निर्णय करणाऱ्यास त्यांनी माणुसकीने वागविले नाही. हा त्यांचा तोटा होय.

बाळांनो, तुमच्यापैकी कोणी राष्ट्राचे अध्यक्ष होवोत वा न होवोत, घरात, गावात व मंडळीत तुम्हांस बाजू घ्याव्या लागतीलच. शेजारी दोघे भांडत असता आपण गप्प बसलो म्हणजे हात स्वच्छ राहिले, असे समजू नका. गप्प बसण्याचाही जाब द्यावा लागतो. आणि बाजू घ्यावी लागली तर विल्सनप्रमाणे आधी थांबा, दोन्हींकडचे ऐका, गुडघे टेका आणि मग उठा. मात्र उठल्यावर, जो तुमच्या शेजारी गुडघे टेकून वेगळे उत्तर घेऊन उठला असेल, त्याचा हात सोडू नका.